नमुना गाळाचा, तक्ता कंपोस्टचा

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे. पत्रे धाराशिव, लातूर आणि बार्शीकडची. लिहिणारे कुणी नगरपालिकेतले स्वच्छता निरीक्षक, कुणी मैला-गाळ केंद्र चालवणाऱ्या ठेकेदाराचे पर्यवेक्षक, काही शेतकरी गटांचे अध्यक्ष. तक्रार सगळ्यांची एकच. वाळवलेल्या गाळाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, शुल्क भरले, अहवाल आला आणि खाली शेरा 'अप्रमाणित'. का अप्रमाणित असे विचारले की कृषी कार्यालय प्रयोगशाळेकडे बोट दाखवते आणि प्रयोगशाळा तक्त्याकडे. तोवर केंद्रातले गाळ वाळवण्याचे वाफे भरून राहिले आहेत, उन्हाळा तोंडावर आहे आणि उपसा गाड्यांना 'आणू नका' म्हणायची वेळ आली आहे. केंद्राने नाही म्हटलेली गाडी कुठे रिकामी होते, हे येडशीत राहणाऱ्याला कुणी सांगायला नको. सोलापूर-धुळे महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता इथे भेटतात, दोन्ही अंगांना ढाबे आहेत, प्रत्येकाची सेप्टिक टाकी आहे, आणि पुढे घाट व ओढे आहेत.

एका पत्रासोबत अहवालाची छायाप्रत आहे. ती आमच्या टेबलावर आठवडाभर आहे आणि हे संपादकीय तिच्यामुळेच लिहिले आहे. पाऱ्याच्या ओळीत मर्यादा छापली आहे 0.15 मिलिग्रॅम प्रति किलो. निष्कर्षाच्या रकान्यात लिहिले आहे '0.5 पेक्षा कमी'. म्हणजे यंत्राला 0.5 च्या खालचे दिसतच नाही आणि मर्यादा मात्र 0.15 ची. गाळात पारा 0.05 असेल, 0.4 असेल किंवा मुळीच नसेल. या कागदावरून कुणालाही काही सांगता येणार नाही. तरीही त्या ओळीसमोर फुली आहे आणि त्या फुलीवर पुढचा सगळा कारभार अडला आहे. पाऱ्यासाठी कोल्ड व्हेपर पद्धत लागते, साध्या चाचणीसोबत तो उरकता येत नाही, हे प्रयोगशाळेला माहीत असते. नमुना घेताना त्यांनी ते सांगायला हवे होते. आणि अहवाल स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने दोन आकडे शेजारी ठेवून वाचायला हवे होते. 'एनएबीएल मान्यताप्राप्त' हा शिक्का पाहून डोळे मिटायचे नसतात. ती मान्यता कोणत्या पदार्थासाठी, कोणत्या घटकासाठी आणि कोणत्या पद्धतीसाठी आहे, ते मान्यतेच्या व्याप्तीत लिहिलेले असते. पाण्यातल्या पाऱ्याची मान्यता गाळातल्या पाऱ्याला चालत नाही.

हा तक्ता आला कुठून? खत नियंत्रण आदेश 1985 च्या चौथ्या अनुसूचीतल्या शहर कंपोस्टचा तो तक्ता आहे. ओल्या कचऱ्यापासून बनवलेल्या खताच्या विक्रीसाठी तो बेतला: ओलावा 15 ते 25 टक्के, सेंद्रिय कर्ब किमान 12 टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर 20 च्या आत, सामू 6.5 ते 7.5, विद्युत वाहकता 4 च्या आत, 4 मिलिमीटरच्या चाळणीतून 90 टक्के माल खाली यायला हवा. पुढे धातू. कॅडमियम 5, क्रोमियम 50, निकेल 50, शिसे 100, तांबे 300, जस्त 1000, आर्सेनिक 10, पारा 0.15. रोगजंतूंच्या पुढे एकच शब्द, 'शून्य'. सेप्टिक टाकीतून उपसलेला किंवा सांडपाणी प्रकल्पातून निघालेला गाळ सर्रास याच तक्त्यावर तोलला जातो, कारण कार्यालयातल्या कपाटात छापील नमुना हाच आहे.

आता हा तक्ता आपल्या भागात लावून पाहा. एप्रिल-मे महिन्यांत धाराशिव जिल्ह्यातल्या उन्हात वाफ्यावरचा पातळ थर 15 टक्क्यांच्या खाली वाळतो. जितका कोरडा तितका जिवाणूंना घातक, वाहतुकीला हलका, वासाला कमी. पण तक्त्यात ओलाव्याची खालची मर्यादा 15 असल्याने तो अप्रमाणित. आमच्या एका वाचकाने नमुना पाठवण्याआधी गाळावर पाणी शिंपडले आणि तो नमुना ओलाव्याला उतरला. त्याला दोष देण्याआधी, त्याला तसे करायला लावणाऱ्या ओळीला द्यावा. चुन्याचेही तसेच. गाळात चुना कालवून सामू 12 वर नेणे आणि काही तास तिथे राखणे हा जिवाणू मारण्याचा जगभर मान्य असलेला, स्वस्त आणि आपल्याकडे सहज जमणारा उपाय. तो केला की रोगजंतूंच्या ओळीत आपण उतरतो आणि सामूच्या ओळीत पडतो. ज्या शेतात हा गाळ जायचा त्या चुनखडीयुक्त काळ्या रानाचा सामू आधीच 8 च्या आसपास किंवा वर आहे. बोअरच्या खारट, जड पाण्यावर चालणाऱ्या घरांच्या टाकीतला गाळ वाहकतेच्या ओळीतही अडखळतो.

सगळ्यात मोठा घोळ निकेल आणि क्रोमियमचा आहे. आपण दख्खनच्या बेसॉल्टवर बसलो आहोत. या खडकात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच भरपूर असते आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीत एकूण निकेल किंवा क्रोमियम 50 च्या वर सापडण्यात नवल काही नाही. सेप्टिक टाकीच्या तळाशी वाळू आणि मातीचा साका असतो. वाफा खरवडताना गाळाबरोबर तीही येते. प्रयोगशाळा तीव्र आम्लात सगळे विरघळवते आणि एकूण धातू मोजते. मग त्या आकड्यात माणसाच्या वापरातून आलेले निकेल किती आणि येडशीच्या मुरमातून आलेले किती? अहवाल हे सांगत नाही, आणि विचारणारा अधिकारी आम्हाला अजून भेटलेला नाही. ज्या रानात तो गाळ टाकायला मनाई होते, त्याच रानातली मूठभर माती त्याच तक्त्यावर घातली तर तीही अप्रमाणित ठरू शकते. म्हणून आमचे सांगणे असे: इथून पुढे गाळाच्या प्रत्येक नमुन्यासोबत, ज्या शेतात तो जायचा त्या शेतातल्या मातीचा एक नमुना त्याच पद्धतीने तपासून घ्या. खर्च वाढेल. पण दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाच काही ठरवता येत नाही.

धातू महत्त्वाचे नाहीत असे कुणी यातून वाचू नये. जमिनीत एकदा गेलेले कॅडमियम पिढ्यान्‌पिढ्या राहते, पालेभाजीतून ताटात येते. आमचा मुद्दा मोजण्याच्या रीतीचा आहे. गाळात किलोमागे किती धातू आहे एवढ्यावर निर्णय करायचा, की एकरी किती ग्रॅम जाणार आहे यावर? समजा गाळात कॅडमियम तक्त्याच्या अगदी टोकाला, 5 मिलिग्रॅम आहे आणि एकरी 2 टन कोरडा गाळ टाकला. एकरात कॅडमियम गेले 10 ग्रॅम. नांगरटीच्या थरात एकरी साधारण 9 लाख किलो माती असते. म्हणजे किलोमागे सुमारे 0.01 मिलिग्रॅमची भर. युरोपीय समुदायाने 1986 च्या निर्देशात हेक्टरी वर्षाला 150 ग्रॅम, म्हणजे एकरी 60 ग्रॅम, अशी मर्यादा घातली आणि ती दहा वर्षांच्या सरासरीवर मोजायला सांगितली. अमेरिकेच्या 1993 च्या नियमाचाही पाया हाच, किती साठत जाते ते मोजा. तिथे निर्धोक गाळासाठी पाऱ्याची मर्यादा 17 आहे, युरोपात 16 ते 25, आपल्या 0.15 च्या शंभरपटीहून जास्त. त्यांचे आकडे उचलून इथे लावा असे आम्ही म्हणत नाही. आपली मर्यादा कडक ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, पण ती मोजता येईल अशी ठेवा, आणि कोणत्या जमिनीत, किती टन, किती वर्षे, हे प्रश्न तक्त्यात येऊ द्या.

खरा धोका मात्र या तक्त्यात कुठेच नाही. गोल जंताचे, म्हणजे ॲस्कॅरिसचे अंडे. जिवाणू उन्हाने, चुन्याने, वाळण्याने लवकर मरतात. जंताच्या अंड्याचे कवच या सगळ्याला पुरून उरते आणि ते मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे जिवंत राहते. 'रोगजंतू शून्य' या ओळीखाली प्रयोगशाळा ई-कोलाय आणि साल्मोनेला पाहतात, अंडी पाहत नाहीत, कारण कुणी सांगितलेलेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 च्या मार्गदर्शक सूचनांत मैला-गाळासाठी दोनच मुख्य कसोट्या धरल्या आहेत: कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे एकाहून कमी अंडे आणि ई-कोलाय हजारच्या आत. अमेरिकेच्या वरच्या दर्जाच्या गाळात 4 ग्रॅममागे एक जिवंत अंडेही चालत नाही. आपल्याकडे वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना जंताची गोळी दिली जाते. पोरांच्या पोटात जंत आहेत हे सरकारचा एक विभाग जाणतो, आणि त्याच घरांच्या सेप्टिक टाकीतला गाळ तपासताना दुसरा विभाग अंड्याबद्दल एक शब्द विचारत नाही. सोयाबीनच्या खुरपणीला बाया उकिडव्या बसून उघड्या हातांनी सरी चालतात, भाकरी तिथेच बांधावर खातात. कॅडमियम त्यांच्यापर्यंत पोचायला वर्षे लागतील. अंडे त्याच दुपारी पोचते.

यावर आमच्याकडे आजच करता येईल असा उपाय आहे आणि त्याला कुणाच्या परिपत्रकाची गरज नाही. अंडी मोजणे ही अवघड चाचणी नाही. नमुना धुवायचा, गाळायचा, 1.2 विशिष्ट गुरुत्वाच्या झिंक सल्फेटच्या द्रावणात अंडी वर तरंगू द्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्राचा विभाग आहे. जनावरांच्या शेणातली अंडी मोजणे हे अशा विभागाचे नेहमीचे काम. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी पत्र द्यावे, नमुने पाठवावेत, शुल्क ठरवून घ्यावे. अंडी जिवंत आहेत का हे पाहायला ती उबवून तीन-चार आठवडे थांबावे लागते, तेही तिथे जमण्यासारखे आहे. जिल्ह्यात आठ नगरपरिषदा आणि दोन नगरपंचायती आहेत. दहा पत्रे लिहायला एक दुपार पुरते.

आता थोडे आपल्याच लोकांबद्दल, कारण सगळा दोष कार्यालयांवर टाकून चालणार नाही. पत्रांतून नमुने घेण्याच्या ज्या रीती दिसल्या, त्या वाचून राग येतो. वाफ्याच्या कडेचा, सगळ्यात वाळलेला वरचा पापुद्रा उचलून पिशवीत भरायचा आणि सगळ्या वाफ्याचा नमुना म्हणून पाठवायचा. हे बांधावरची माती खोदून रानाचे माती परीक्षण करण्यासारखे आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या घमेल्यात गाळ कालवायचा आणि मग जस्त जास्त आले म्हणून ओरडायचे. जिवाणू चाचणीचा नमुना साध्या पिशवीत, साध्या कुरियरने, शुक्रवारी पुण्याला पाठवायचा आणि सोमवारच्या आकड्याला गाळाचा आकडा म्हणायचे. वर्षातून एकच अहवाल करून घ्यायचा आणि बारा महिने त्याच्या छायाप्रती काढायच्या. तुळजापुरात नवरात्रात आणि येरमाळ्याला चैत्री यात्रेत सार्वजनिक शौचालयांचा जो ताजा मैला येतो, तो आणि आठ-दहा वर्षे टाकीत मुरलेला घरगुती गाळ, या दोन्हींचा एक नमुना कसा होईल? त्यात एखाद्या गॅरेजच्या किंवा कारखान्याच्या टाकीची गाडी मिसळली तर धातूंचा सगळा हिशेबच बदलतो. गाडी कुठून आली, किती लिटर, कोणत्या वाफ्यात रिकामी झाली, ही नोंदवही नसलेल्या केंद्राने परीक्षणाची भाषा करू नये.

रीत साधी आहे. एका वाफ्यातून किमान दहा-पंधरा जागी, वाळूच्या थराला न लागता पण पूर्ण जाडीचा गाळ घ्या. खुरपे स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे. प्लास्टिकच्या कागदावर ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा कालवा, किलोभर उरेपर्यंत. जिवाणूंसाठी वेगळी निर्जंतुक बाटली, बर्फाच्या पेटीत, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. अंड्यांसाठी वेगळा नमुना थंड जागी. तो काही दिवस टिकतो. धातूंच्या नमुन्याला घाई नाही. बाटलीवर वाफ्याचा क्रमांक, भरल्याची तारीख, खरवडल्याची तारीख.

शेतकरी गटांसाठी एक गोष्ट विशेष. अहवालातले आकडे सहसा कोरड्या वजनावरचे असतात आणि ट्रॉली भरते ओल्या वजनाने. गाळात 2 टक्के नत्र लिहिले आहे म्हणून 2 टनांच्या ट्रॉलीतून 40 किलो नत्र मिळेल असे धरू नका. ओलावा 60 टक्के असेल तर कोरडा माल फक्त 800 किलो आणि नत्र 16 किलो. त्यातलेही पहिल्या हंगामात पिकाला थोडेच लागू होते, बाकीचे सावकाश सुटते. युरियाची गोणी किती वाचेल याचा हिशेब यावर करा. आपल्या रानात जस्ताची कमतरता जागोजागी आहे, सेंद्रिय कर्ब घसरलेला आहे. गाळाचा खरा उपयोग तिथे आहे. आणि द्राक्षबागायतदारांनी गाळाच्या वाटेला जाऊच नये. ग्लोबलगॅप प्रमाणपत्र मानवी सांडपाण्याचा गाळ शेतात चालवून घेत नाही. एका ट्रॉलीने निर्यातीचा माल परत येऊ शकतो.

मैल्यापासून खत हा विषय या राज्याला नवा नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत सोनखताचे प्रयोग केले, स्वतःच्या हातांनी केले. देहूचे डॉ. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेला मलप्रभा गोबरगॅस संयंत्राचा नमुना उभा केला आणि गावोगाव पोचवला. मरणोत्तर पद्मश्री त्यांना 2017 मध्ये मिळाली. या दोघांना मैल्याची किळस नव्हती आणि त्याच्या धोक्याची पूर्ण जाणीव होती. शेजारी अहमदाबादेत महापालिकेने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने कोबाल्टच्या गॅमा किरणांनी वाळलेला गाळ निर्जंतुक करण्याचा प्रकल्प 2019 मध्ये सुरू केला, रोज 100 टनांचा. आपल्या छोट्या पालिकांना तो परवडणारा नाही, पण आपल्याकडे ऊन आहे आणि काळ आहे. 20 अंशांवरच्या तापमानात, वाळवलेला माल वर्षाहून जास्त काळ, पुन्हा ओला न होऊ देता साठवला तर अंडी नष्ट होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी लागते एक पत्र्याची शेड आणि दोन कप्पे: यंदाचा माल एका कप्प्यात, गेल्या वर्षीचा दुसऱ्यात. बहुतेक केंद्रांच्या आराखड्यात वाफे आहेत, शेड नाही. पुढच्या अंदाजपत्रकात ती टाका. पावसाळ्यात उघड्यावर भिजलेल्या ढिगाचा काळ पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावा लागतो.

अमेरिकेतल्या मेन राज्याने 2022 मध्ये शेतात गाळ टाकण्यावर सरसकट बंदी घातली, हेही वाचकांना माहीत असावे. कारण धातू नव्हते. न विघटणारी पीएफएएस रसायने होती, जी वर्षानुवर्षे कुणी मोजलीच नव्हती. तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी, विहिरी आणि दुभती जनावरे गेली. ती रसायने औद्योगिक सांडपाण्यातून जास्त येतात. म्हणून औद्योगिक वसाहतीतल्या टाक्यांची गाडी घरगुती वाफ्यावर रिकामी करू देऊ नका. तिथे दया-माया नको, मग ओळखीचा माणूस असो की नगरसेवकाचा फोन.

कृषी आयुक्तालयाकडे आणि नगरविकास विभागाकडे आमची मागणी एवढीच आहे. मैला-गाळाला खत नियंत्रणाच्या चौकटीत स्वतःचा तक्ता द्यावा, यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी प्रस्ताव पाठवावा. त्यात जंताच्या अंड्यांची ओळ पहिली असावी. धातू एकरी भारावर मोजावेत आणि स्थानिक मातीचा आकडा सोबत धरावा. ओलाव्याची खालची मर्यादा काढून टाकावी. चुना घातलेल्या गाळाला सामूची वेगळी कसोटी असावी. आणि ज्या प्रयोगशाळेची शोध-मर्यादा तक्त्यातल्या मर्यादेहून मोठी आहे, तिच्या त्या ओळीवर कुणालाही अप्रमाणित ठरवू नये. परभणीच्या कृषी विद्यापीठाने मराठवाड्याच्या काळ्या रानात तूर, ज्वारी आणि चारापिकांवर तीन-चार वर्षांच्या चाचण्या घेतल्या, तर या प्रस्तावाला आधार मिळेल. परदेशातल्या लालसर, आम्लधर्मी मातीचे निष्कर्ष आपल्या चुनखडीच्या जमिनीला किती लागू पडतात, हे त्यांनीच सांगायचे आहे.

प्रस्तावाला पुरावा लागतो आणि तो तुमच्याकडे आहे. तुमच्या कपाटात पडलेला प्रत्येक परीक्षण अहवाल, प्रमाणित असो की अप्रमाणित, त्याची स्वच्छ छायाप्रत पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. सोबत चार गोष्टी लिहा: नमुना कोणत्या वाफ्यातून, कोणत्या तारखेला, कसा घेतला, गाड्या कुठल्या टाक्यांच्या होत्या, चुना घातला होता का, आणि अहवाल कोरड्या वजनावर आहे की ओल्या. पालिकेचे नाव छापायचे नसेल तर तसे कळवा, छापणार नाही. आलेले सगळे अहवाल आम्ही एकत्र मांडू आणि मे महिन्याच्या अंकासोबत पुण्याला कृषी आयुक्तालयात नेऊन देऊ. प्रत्येक धातूसमोर प्रयोगशाळेची शोध-मर्यादा आणि वापरलेली पद्धत लिहिलेली आहे का, ते पाठवण्याआधी पाहा. नसेल तर प्रयोगशाळेला लेखी पत्र देऊन ती मागवून घ्या. शुल्क घेतलेल्या चाचणीची ही माहिती देणे त्यांचे काम आहे.